आठ पाय मोजून झाले, आता पोट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडात डडलीजवळ राहणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन फिरायला गेले असताना जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यापाशी त्यांना बटाट्याएवढा, तांबूस-करडा, हातात जड लागणारा गोटा सापडला. तो आधीच दोन भागांत फुटलेला होता आणि दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसतात. आत नाण्याएवढा आठ पायांचा ठसा आहे. मुलगा म्हणतो कोळी. कुणीतरी त्यांना सांगितलं, 'ट्रायगोनोटार्बिड आहे, कोळ्यांचा पूर्वज.' आता त्यांना विचारायचंय की हा कोळी आहे का, पूर्वज म्हणजे नेमकं काय, मुलाने चित्रात पाहिलेले मांजराएवढे कोळी खरंच होते का, आणि आत आणखी काही असेल तर गोटा अजून फोडावा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आज शनिवार आहे आणि हातोडी घरात असणार. फोडू नका. घासू नका, धुऊ नका. फटीत पांढरी पिठासारखी माती दिसत असेल तर तीही तशीच राहू द्या. दोन्ही भाग टिश्यूत वेगवेगळे गुंडाळून एकाच डब्यात ठेवा आणि कुठे सापडला ते आजच एका कागदावर लिहून त्याच डब्यात टाका. बाकी सगळं सावकाश करता येईल.

माझी ओळख एवढीच की मी पुण्यात भूशास्त्र शिकले आणि गेली बरीच वर्षं अशाच गोट्यांतले जीवाश्म साफ करणं, त्यांचे एक्स-रे स्कॅन काढणं आणि त्या स्कॅनमधून प्राणी 'बाहेर काढणं' हे काम करते. नवी जात जाहीर करणारे लोक वेगळे. त्यांच्या टेबलावर जे जातं ते आधी माझ्या टेबलावर येतं, एवढंच.

तुम्ही विचारलंय 'कोळी आहे का'. खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. गोट्याने तुम्हाला प्राण्याची कुठली बाजू दाखवली आहे, आणि त्या बाजूवर कोळी ठरवणारी खूण टिकण्यासारखी होती का? आठ पाय ही खूण नाही. विंचवालाही आठच पाय असतात, गोचिडीलाही. तुमच्या भागातल्या त्या काळच्या दगडांत आठ पायांचे निदान सहा-सात वेगवेगळे गट सापडतात आणि त्यांतले काही आज पृथ्वीवर कुठेच नाहीत. आपल्या डोक्यात आठ पाय आणि गोल पोट म्हटलं की कोळीच येतो, कारण बाकीचे आपण पाहिलेलेच नसतात.

आधी तुमचा दगड काय आहे ते सांगते. डडली, कोसली या पट्ट्यात कोळशाच्या थरांबरोबर लोहखनिजाचे गोटे निघतात. ब्लॅक कंट्रीच्या, म्हणजे तुमच्याच भागातल्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातल्या, भट्ट्यांसाठी एकोणिसाव्या शतकात ते टनावारी खणले गेले. वय सुमारे ३१ कोटी वर्षं. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताजवळ होती आणि इथे उष्ण, दलदलीचं जंगल होतं. लहानसा प्राणी चिखलात पडला, कुजू लागला आणि त्या कुजण्यामुळेच त्याच्याभोवतीच्या पाण्यातलं लोह कार्बोनेटच्या रूपात घट्ट व्हायला लागलं. वरचा चिखल दाबला जाण्याआधीच प्राण्याभोवती दगडाची पेटी तयार झाली. म्हणून या गोट्यांतले प्राणी वहीत दाबलेल्या फुलासारखे चपटे नसतात, बऱ्याचदा पूर्ण उंचीनिशी असतात. गंमत अशी की प्राणी स्वतः बहुतेक उरत नाही. उरते त्याच्या आकाराची पोकळी. कधी रिकामी, कधी त्या पांढऱ्या मातीने भरलेली. ती माती म्हणजे केओलिनाइट. ती तुम्ही टूथब्रशने काढली तर पायाच्या टोकाची पोकळीही तिच्याबरोबर खरवडली जाण्याची भीती असते. म्हणून वर तसं सांगितलं.

(आपल्याकडे लहानपणी एवढे दगड उचलले, त्यात असं काही का मिळालं नाही, असं तुम्ही पत्रात गमतीने लिहिलंय. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्याचं वय साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे तुमचा प्राणी मरून गेल्यावर चोवीस-पंचवीस कोटी वर्षांनी तो लाव्हा वाहिला. त्यात कोळी मिळाला तर तो दगडाच्या खाली बसलेला, जिवंतच मिळायचा.)

आता पोटाकडे या. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च दगडाच्या जवळजवळ सपाटीला धरा, संध्याकाळचं ऊन शेतावर पडतं तशी. वरून उजेड टाकला की ठसा सपाट दिसतो. बाजूने टाकला की प्रत्येक कडेची सावली पडते आणि जे नव्हतंच वाटत होतं ते उठून येतं. टॉर्च हळूहळू ठशाभोवती फिरवा. पोटावर आडव्या पट्ट्या दिसतील. नुसत्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर थांबा, अजून काही ठरवू नका. त्या पट्ट्यांना छेदून जाणाऱ्या दोन उभ्या रेषा दिसतात का ते बघा, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे प्रत्येक पट्टीचे तीन तुकडे झालेले, मधला रुंद आणि बाजूचे दोन अरुंद. कासवाच्या पाठीची किंवा फरशीची आठवण यावी असं ते दिसतं. तसं असेल तर तुमच्या हातात बहुधा ट्रायगोनोटार्बिड आहे.

'बहुधा' का म्हणते? पट्ट्या या काही ट्रायगोनोटार्बिडांची मक्तेदारी नाही. आज आपल्या घरातल्या कोळ्याचं पोट पिशवीसारखं गुळगुळीत असतं, पण म्यानमारपासून जपानपर्यंत बिळांत राहणारे लिफिस्टिअस गटाचे कोळी आहेत, त्यांच्या पोटावर अजूनही आडव्या पट्ट्या असतात. कार्बोनिफेरस काळातले, म्हणजे तुमच्या गोट्याच्याच काळातले, खरे कोळीही त्याच घडणीचे होते. फ्रान्समधल्या माँसो-ले-मीनच्या गोट्यांतून पॅलिओथेली नावाचा असा कोळी मिळाला आहे, आणि त्याच्या पोटाखालचे रेशीम सोडणारे अवयव, म्हणजे स्पिनरेट, जीवाश्मात दिसतात. तेव्हा पट्ट्या आहेत म्हणून कोळी नाही, असं म्हणता येत नाही. पट्टीचे तीन तुकडे होणं ही जास्त भरवशाची खूण. तीही फक्त ट्रायगोनोटार्बिडांचीच नाही. रिसिन्युलेई नावाच्या छोट्याशा गटाच्या पाठीवरही असे तुकडे असतात. तो गट आजही पश्चिम आफ्रिकेत आणि अमेरिका खंडाच्या उष्ण भागात जिवंत आहे, आणि तुमच्या कोळशाच्या थरांतही तो आहे. फॅलँजिओटार्बिड नावाचा तिसरा गट पूर्ण नामशेष आहे. त्याचं अंग लांबट अंडाकृती, पोटाच्या सुरुवातीच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्यासारख्या अगदी आखूड आणि डोळे सहा, सगळे एकाच उंचवट्यावर. आणि हॅप्टोपोडा नावाचा एक गट असा आहे की ज्यात एकच जात माहीत आहे, प्लेसिओसायरो मॅडलेयी, आणि तिचे नमुने तुमच्या शेजारच्या कोसलीचेच. म्हणजे शक्यता अगदी बारीक असली तरी तुमच्या मुलाला तिची हौस असू द्या.

मोठमोठे लोकही यात फसले आहेत, म्हणून मुलाला हसू नका. १८३७ मध्ये विल्यम बकलंड या नावाजलेल्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेलच्या लोहगोट्यांतले दोन प्राणी वर्णन केले आणि दोन्ही सोंडकिडे ठरवले. आपल्या तांदळात होतात त्याच कुळातले! त्यातल्या एकाच्या पाठीवर मधोमध खाच होती, ती त्याला भुंग्याच्या मिटलेल्या पंखांची रेघ वाटली. तो प्राणी निघाला रिसिन्युलेई. या गटाचा जिवंत प्राणी शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वर्णन केला तो त्यानंतर वर्षभराने, म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं तो प्राणीच बकलंडला ठाऊक नव्हता. दुसरा 'सोंडकिडा' १८७१ मध्ये हेन्री वुडवर्डने अष्टपादांत आणून बसवला. तो इओफ्रायनस प्रेस्टविची, आज सगळ्यांत नावाजलेला ट्रायगोनोटार्बिड. चौतीस वर्षं तो कीटकांच्या यादीत बसून होता.

या इओफ्रायनसचं पुढचं काम आमच्या धंद्यातलं आहे, त्यामुळे थोडं रेंगाळते. २००९ मध्ये रसेल गारवूड, जेसन डनलॉप आणि मार्क सटन यांनी त्याचा आणि क्रिप्टोमार्टस हिंडी या दुसऱ्या ट्रायगोनोटार्बिडचा सीटी स्कॅन केला. गोटा आणखी न फोडता. दवाखान्यातल्या सीटीसारखंच तत्त्व, फक्त इथे यंत्र स्थिर असतं आणि रुग्ण फिरतो. फुलवाले वापरतात त्या हिरव्या स्पंजात आम्ही गोटा घट्ट बसवतो, कारण स्कॅन चालू असताना तो केसभर जरी हलला तरी सगळं धूसर होतं. तो थोडा थोडा फिरत जातो आणि प्रत्येक वळणावर एक एक्स-रे, असे हजारो. लोहाचा दगड एक्स-रे भरपूर खातो, म्हणून किरणांच्या वाटेत तांब्याचा पातळ पत्रा लावून कमजोर किरण आधीच गाळून टाकावे लागतात, नाहीतर गोट्याची कड झळझळीत आणि मधला भाग काळपट येतो. मग संगणकावर आडवे काप बघायचे. पोकळी काळी दिसते, दगड करडा. पाय म्हणजे करड्यावर एक काळा ठिपका. पुढच्या कापात तो जरासा सरकतो, त्याच्या पुढच्यात आणखी. असा एकेका पायाचा माग काढत बसायचं. माझे यात आठवडे जातात. घरच्यांना वाटतं मी दिवसभर राखाडी पडदा बघत बसते, आणि ते अगदी खोटंही नाही.

त्या कामातून जे निघालं ते नुसत्या फुटलेल्या गोट्यावरून कळलं नसतं. इओफ्रायनसचे पाय लांब होते, जंगलाच्या जमिनीवर धावून भक्ष्य पकडणाऱ्याचे असतात तसे. त्याच्या पाठीवर गाठी आणि काटे होते. तेव्हाच्या उभयचरांनी गिळू नये म्हणून हा बंदोबस्त असावा, असं त्या तिघांनी सुचवलं. क्रिप्टोमार्टसचे पुढचे पाय मात्र पुढच्या दिशेला वळलेले होते, फुलावर दबा धरून बसणाऱ्या आजच्या खेकडा-कोळ्यासारखे. तोही दबा धरणारा असावा. एकाच जंगलात दोघे, आणि पोट भरायच्या दोन रीती.

आता पूर्वजाचं. ट्रायगोनोटार्बिड कोळ्यांचे आजोबा नव्हेत. फार तर आजोबांचे चुलतभाऊ म्हणा. कोळी, चाबकासारखी शेपटी असलेले व्हिप स्कॉर्पियन आणि त्यांचे भाईबंद हे एक घराणं. ट्रायगोनोटार्बिड त्याच्या शेजारी बसतात. काही अभ्यासक त्यांना रिसिन्युलेईच्या जवळ नेतात, कारण दोघांतही डोक्याची ढाल आणि पोट एकमेकांत अडकवायची कडी असते. कुठेही बसवले तरी त्यांची शाखा वेगळीच राहते. त्यांच्या पोटाखाली स्पिनरेट नाहीत, म्हणजे जाळं नाही. विषग्रंथीचा पुरावाही नाही. तोंडापुढचे विळे खिशातल्या चाकूसारखे मिटायचे. त्यांनी धरून फाडायचं, एवढंच. म्हणजे मुलाने 'जाळं कुठे बांधायचा' असं विचारलं तर उत्तर 'बांधायचाच नाही' असं आहे.

आणि ते कोळ्यांआधीचे म्हणून कच्चे, असंही समजू नका. श्रॉपशरमध्येच लडलो गावाजवळच्या लडफर्ड लेनच्या दगडातून, दगड आम्लात विरघळवून, ट्रायगोनोटार्बिडाचे जे अवशेष काढले त्यांचं वय सुमारे ४२ कोटी वर्षं. पॅलिओटार्बस हे त्याचं नाव, आकार मिलिमीटरांत मोजावा एवढा. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांच्या सर्वांत जुन्या अवशेषांत त्याची गणना होते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाचा चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण दगड, तर विचारूच नका. चाळीस कोटींहून जुन्या गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या सिलिकाने तिथली अख्खी पाणथळ, झाडाझुडपांसकट, काचेत घातल्यासारखी जपली आहे. त्या चर्टची चकती कापून उजेड आरपार जाईल इतकी घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा पॅलिओकॅरिनस या ट्रायगोनोटार्बिडाचं पुस्तक-फुप्फुस समोर आलं. वहीच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक, मध्ये हवेची फट, आणि पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक काटेरी खांब. आजच्या कोळ्याच्या फुप्फुसातही असेच टेकू असतात. म्हणजे हवेत श्वास घ्यायची ही सोय चाळीस कोटी वर्षांपूर्वीच पुरी होती. ट्रायगोनोटार्बिड कार्बोनिफेरसच्या पलीकडे, पर्मियनच्या सुरुवातीपर्यंत टिकले. जर्मनीतल्या केमनिट्झचा त्यांचा एक नमुना सुमारे २९ कोटी वर्षांचा आहे. बारा-तेरा कोटी वर्षं टिकलेल्या घराण्याला 'पूर्वतयारी' म्हणणं मला तरी पटत नाही.

मग कोळ्यांच्या खऱ्या आजोळाचा पत्ता लागलाय का? थोडाफार. आणि इथेच 'नाही' आणि 'दिसत नाही' यांतला फरक समोर येतो. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त छळणारा फरक हाच. न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआच्या डेव्होनियन, म्हणजे कार्बोनिफेरसच्या आधीच्या काळातल्या, दगडातून, तोही आम्लात विरघळवून, कवचाचे बारीक कपटे मिळाले. त्यात रेशीम सोडणाऱ्या नळ्यांचा एक तुकडा होता. १९८९ मध्ये तो स्पिनरेट म्हणून प्रसिद्ध झाला. प्राण्याला नाव मिळालं ॲटरकोपस, कोळ्यासाठीच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून, आणि तो जगातला सर्वांत जुना कोळी ठरला. पुढे हे नाव देणाऱ्यांतल्याच दोघांनी, पॉल सेल्डन आणि विल्यम शिअर यांनी, आणखी तुकडे ताडून पाहिले आणि २००८ मध्ये सहकाऱ्यांसह स्वतःचंच म्हणणं बदललं. तो तुकडा म्हणजे सुटा अवयव नव्हता, पोटाखालच्या पट्टीचा वळलेला कपटा होता. नळ्या होत्या, त्या सरळ पट्टीच्या कडेवर. वर या प्राण्याला शेपटीही होती. म्हणजे रेशीम आहे, स्पिनरेट नाहीत, शेपूट आहे. कोळी नव्हे, पण कोळ्याच्या अगदी दाराशी उभा. त्यांनी त्याच्यासाठी युरॅरॅनिडा हा वेगळा गण केला. आपलंच गाजलेलं म्हणणं असं मोडून टाकायला छाती लागते. मला तो शोधनिबंध त्यासाठीच आवडतो.

त्यानंतर २०१६ मध्ये माँसो-ले-मीनच्याच एका गोट्याचा स्कॅन करून इडमोनॅरॅक्नी नावाचा प्राणी वर्णन केला गेला, वय साधारण ३०.५ कोटी. बाहेरून बघाल तर शपथेवर कोळी म्हणाल. पण स्पिनरेट नाहीत. आणि इथे 'नाहीत' म्हणायची हिंमत झाली ती स्कॅनमध्ये पोटाखालची बाजू स्वच्छ आली म्हणूनच. २०१८ मध्ये म्यानमारच्या अंबरमधून, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेतून, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा कायमेरॅरॅक्नी जाहीर झाला, दोन वेगवेगळ्या गटांकडून एकाच वेळी. अंग अडीच मिलिमीटरच्या आसपास, स्पिनरेट चांगले तयार, आणि मागे अंगाहून लांब शेपूट. म्हणजे डायनोसॉरांच्या काळात खऱ्या कोळ्यांच्या शेजारी शेपटीवाले नातेवाईकही नांदत होते. वंश एका सरळ ओळीत चालत आला असं चित्र डोक्यात असेल तर ते इथे मोडतं.

आता मांजराएवढा कोळी. हे चित्र मेगॅरॅक्नीचं असणार, मला खात्री आहे. अर्जेंटिनातल्या बाहो दे वेलिस इथला हा जीवाश्म. मारियो ह्युनिकेनने १९८० मध्ये तो प्रचंड कोळी म्हणून वर्णन केला, अंग सुमारे ३४ सेंटीमीटर आणि पाय पसरून अर्धा मीटर. मूळ नमुना बँकेच्या तिजोरीत गेला आणि बाकीच्यांना बघायला मिळाले ते त्याचे प्लास्टरचे साचे. शंका होत्याच. दुसरा नमुना मिळाल्यावर २००५ मध्ये सेल्डन, कोरॉन्का आणि खुद्द ह्युनिकेन यांनी मिळून लिहिलं की हा युरिप्टेरिड, म्हणजे ज्यांना समुद्री विंचू म्हणतात त्या पाण्यातल्या गटातला प्राणी. पण चित्रं तोवर जगभर गेली होती आणि चित्रं शुद्धिपत्रं वाचत नाहीत. आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या जीवाश्म कोळ्यांपैकी एक म्हणजे चीनच्या दाओहुगौचा मंगोलॅरॅक्नी. त्याच्या मादीचं अंग अडीच सेंटीमीटरच्या जवळपास. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात वाटेवर आडवं जाळं लावून बसणारी जायंट वुड स्पायडरची मादी त्याहून मोठी भरते. 'तेव्हा ऑक्सिजन जास्त, म्हणून सगळं अवाढव्य' हे वाक्यही जपून वापरा. त्या काळी अडीच मीटरची पैसाकिड्याची भावंडं होती, आणि त्याच्याही थोडं आधी स्कॉटलंडमध्ये अंदाजे ७० सेंटीमीटरचा विंचू होता, हे खरं. पण त्याच हवेत तुमचा ट्रायगोनोटार्बिड दोन-तीन सेंटीमीटरचाच राहिला.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'कोळी जीवाश्मां'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाला नाद लागला की तुम्ही ते बघणारच, म्हणून सांगते. चीनच्या यिशियन थरांतल्या एका मोठ्या 'कोळ्याला' २०१९ मध्ये नवी जात म्हणून नावही मिळालं. सेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा दगड, सिमेंट आणि रंग वेगवेगळ्या रंगांत चमकले. खाली होता नीट न टिकलेला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्याचा भाऊबंद, आणि कोळ्याचे पाय कुणीतरी ब्रशने काढलेले! अंबरचंही तसंच. त्यातले नकली तुकडे सोडाच, अस्सल म्यानमारी अंबर ज्या काचिन भागातून येतं तिथल्या संघर्षामुळे ते विकत घेणं योग्य का, यावर संशोधकांतच मोठा वाद आहे. मी स्वतः घेत नाही. तुमचा गोटा फुकट सापडला आणि कुठे सापडला ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या लेखी तो महागड्या तुकड्यापेक्षा सरस.

आता फोडण्याबद्दल माझी स्वतःची कबुली. कामाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे असाच एक दुभंगलेला गोटा आला. एका भागात पाय दगडाखाली जाताना दिसत होता. मला वाटलं, दोन मिलिमीटर खरवडलं की पूर्ण दिसेल. छिन्नीची टोकदार सुई घेतली, दोनदा टकटक केलं, आणि पायाच्या खालून आडवी चीर गेली. तुकडा उडाला तो टेबलाखालच्या गालिच्यात. संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून शोधत होते. अर्धा सापडला. घाईघाईने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला तर गोंद पोकळीत पाझरला आणि पुढे स्कॅनमध्ये त्या पायाचा शेवटचा सांधा कायमचा बुजलेला दिसला. वरिष्ठ काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यानंतर दगडाखाली जाणारा पाय दिसला की मला आनंद होतो, कारण जे दगडात आहे ते सुरक्षित आहे आणि स्कॅनला दिसणार आहे.

तेव्हा तुमच्यापुरतं असं. उभ्या दोन रेषा दिसल्या तर ट्रायगोनोटार्बिड धरून चाला. पोट आणि डोकं यांच्यात बारीक कंबर दिसली तर कोळ्याचा विचार करा, कारण ट्रायगोनोटार्बिडाची कंबर रुंद असते. पोटाची खालची बाजू वर आली असेल तर स्पिनरेट शोधा. मात्र दिसले नाहीत म्हणून नव्हतेच असं लिहून टाकू नका. आणि ठसा पुसट असेल, पोटाच्या जागी नुसता गुळगुळीत डाग असेल, तर प्रामाणिक उत्तर 'अष्टपाद' एवढंच आहे. माझ्या कपाटातल्या चिठ्ठ्यांवर हा एकच शब्द किती वेळा आहे ते मोजायची मला हिंमत नाही.

गोटा बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लॅपवर्थ म्युझियममध्ये दाखवता येईल, तुम्हाला ते जवळ आहे. जाण्याआधी लिहून विचारा. जागा खाजगी असेल तर मालकाची परवानगी घ्या, ती नंतरही घेता येते. फोटो पाठवताना दोन्ही भागांचे पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून, उजेड डावीकडून एक आणि उजवीकडून एक. फ्लॅश नको. आणि मुलाला टॉर्च धरायला द्या, तुम्ही भिंगातून बघा. मधल्या ओळीतले तुकडे किती आहेत ते त्यालाच मोजू दे, दोनदा, आणि दोन्ही वेळचे आकडे मला कळवा. वेगवेगळे आले तरी.